पाच वेण्यांची फणी

मित्रांनो, मला दोन दात कमी आहेत. ते कसे गेले हे सांगायचे तर सगळा जन्मच सांगावा लागेल, म्हणून आधी ओळख करून देते. मी हेदूच्या लाकडाची फणी आहे. वय झाले आहे. डोळखांबच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे. तिथल्या एका घराच्या कुडात, कारवीच्या दोन काठ्यांच्या फटीत मला खोचून ठेवले आहे. समोर चूल दिसते. दार उघडे असले तर खालची भातखाचरे दिसतात.

मला मंगळूने घडवले. त्याची मुलगी भिमी तेव्हा पाच वर्षांची होती. बाजारातली पातळ फणी तिच्या दाट केसांत अडकायची आणि ती पाडा डोक्यावर घ्यायची. एके दिवशी मंगळू रानातून हेदूची वाळलेली फांदी घेऊन आला. कोयत्याने तासून त्याने तिची पाटी केली, करवतीच्या तुटक्या पात्याने एकेक दात कापला. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. मग काचेच्या तुकड्याने मला घासले आणि आठ दिवस करंजीच्या तेलात बुडवून ठेवले. बाहेर काढले तेव्हा मी पिवळीधमक होते. मंगळूने मला आधी स्वतःच्या केसांतून फिरवले, मग दाढीतून, आणि कुठे टोचत नाही अशी खात्री झाल्यावर भिमीच्या हातात दिले.

आमच्या पाड्यावर केसांना लाट घालायची एक रीत होती. लग्न असो, गौरी असो, मुली दुपारी डोके धुवायच्या. केस अर्धवट ओले असतानाच, दिवे लागायच्या वेळी, आई मुलीला पुढ्यात बसवायची. जाड दातांनी गुंता काढायचा, तेलाचे बोट फिरवायचे, केसांचे पाच भाग करायचे आणि पाच घट्ट वेण्या घालून टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. मुलगी तशीच झोपायची. सकाळी उन्हे आली की वेण्या सोडायच्या. केस असे उतरायचे, जसे वाऱ्याच्या दिवशी भाताचे शेत. ना विस्तव, ना कसले यंत्र. ओले केस, वेणी आणि झोप, एवढेच.

त्यात एक नियम होता. भिमीच्या आईने तो भिमीला सांगितला आणि भिमीने पुढे आपल्या मुलीला. "ज्या हातानं बांधली त्याच हातानं सोडायची. नायतर लाट रुसते." खरे कारण मला ठाऊक आहे, कारण मुलींच्या उशाशी मीच असायचे. मुलींना धीर नसायचा. पहाटे उठून त्या एकमेकींच्या ओल्या वेण्या सोडून बघायच्या आणि सगळी मेहनत वाया जायची. म्हणून कुणा शहाण्या बाईने लाटेच्या रुसण्याची भीती घातली. नियम होता तो केस वाळेपर्यंतचा. पण मुलांना कारण कोण सांगतो? नियम तेवढा सांगतात.

भिमी मोठी झाली. तिच्या हळदीच्या आदल्या दिवशी तिच्या आईने माझ्याच दातांनी तिच्या पाच वेण्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ते केस बघायला खालच्या पाड्यावरच्या बायका आल्या. नवरदेव कमळू त्याच पाड्यावरचा. त्याची मस्करी झाली की बायकोच्या केसांत वाट चुकशील, सोबत कुत्रा घेऊन जा. तो लाजून घराबाहेर जाऊन बसला. त्या दिवशी माझे जेवढे कौतुक झाले तेवढे पुन्हा झाले नाही.

दोघे मंगळूच्याच घरी राहिली, मग त्यांना दिपिका झाली. केस आईचेच, दाट आणि काळे. मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते दिपिका दहा वर्षांची असतानाचे आहे. चार वर्षे झाली त्याला.

भात कापून झाले की आमच्याकडची घरे बंद होतात. माणसे भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात ती शिमग्याला परत येतात. कमळू आणि भिमीही जायची. दिपिका आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहायची, आणि दिवाळीची सुट्टी संपायची वेळ आणि भट्टीची गाडी यायची वेळ साधारण एकच असायची. त्या वर्षी गाडी सकाळी आठला येणार होती. भिमीने मनात हिशोब केला. आज वेण्या घालू, सकाळी उन्हे आली की सोडू, पोरगी लाट घेऊन शाळेत जाईल, मग आपण गाडीत बसू.

तिने वेण्या घातल्या. नेहमीपेक्षा सावकाश. एकेक पेड ओढताना तिचा हात थांबत होता. दिपिका म्हणाली, झोप आली आये, लवकर कर. लाल लुगड्याच्या पाच चिंध्या भिमीने टोकांना बांधल्या.

गाडी आठला आली नाही, अंधारातच आली. खाली भोंगा वाजला, मुकादमाने हाका मारल्या, पुढच्या दोन पाड्यांवरची माणसेही उचलायची होती. कमळूने बोचकी उचलली. भिमी दिपिकाच्या उशाशी बसली, एका वेणीच्या चिंधीला हात लावला आणि काढून घेतला. केस अजून ओले होते. आता सोडल्या तर लाट उतरणार नाही. तिने मला मुलीच्या उशाखाली सरकवले आणि ती गेली.

दिपिका उठली तेव्हा ऊन दारात आले होते. ती धावत बांधापर्यंत गेली. खाली रस्ता रिकामा होता.

तिला शाळेत पोहोचवायचे काम आजा मंगळूकडे होते. त्याने चहा केला, तिची पेटी भरली आणि मला हातात घेऊन म्हणाला, "ये गो बाय, मी सोडतो."

"नाय आजा. तू नाय बांधल्यास."

"मग काय शिमग्यापर्यंत ठेवशील?"

"आये सोडील. शिमग्याला तर शिमग्याला."

मंगळूने मला उलटसुलट केले. त्याच नियमात त्याची बायको म्हातारी होऊन गेली होती. तो मोडायला त्याचा हात धजेना. आणि दोन दिवसांत पोरगी कंटाळून स्वतःच सोडेल असेही त्याला वाटले. त्याने मला तिच्या पेटीत ठेवले आणि दोघे डोळखांबच्या बसला गेली.

मित्रांनो, इथे चूक झाली आणि ती कुणा एकाची नव्हती. भिमीला वाटत होते, बापाने सोडल्या असतील. मंगळूला वाटत होते, पोरीने सोडल्या असतील. आणि दिपिकाला वाटत होते की आईला माहीत आहे.

वसतिगृहात मुलींना दोन वेण्या आणि लाल फिती लागतात. दिपिका पाच वेण्या घेऊन गेली. पहिले आठ दिवस हसण्यात गेले. एक मुलगी म्हणाली, हिच्या डोक्यावर पाच उंदीर झोपलेत. दुसरी म्हणाली, हळू बोल, उठतील. दिपिकाही हसली. वसतिगृहाच्या बाईंनी विचारले तेव्हा तिने सांगितले की आईने घातल्या आहेत, आईच सोडणार. बाईंची स्वतःची मुलगी नाशिकला शिकत होती. त्यांनी मान डोलावली आणि आठवडाभर राहू दिल्या. मग अजून आठवडाभर.

स्वयंपाकघरात प्रेमामावशी होत्या. त्या भाकऱ्या झाल्या की दिपिकाला चुलीजवळ बोलवायच्या आणि वेण्यांच्या बाहेर निसटलेले केस माझ्या बारीक दातांनी विंचरून द्यायच्या. वेणीला हात लावायच्या नाहीत. डोके धुवायच्या दिवशी दिपिका पोट दुखते म्हणून बसून राहायची. पाणी लागले तर लाट जाईल ना!

रविवारी फोनचा दिवस. बाईंच्या फोनवर मुलींची रांग लागायची, एकीला दोन मिनिटे. दिपिका मला मुठीत धरून रांगेत उभी राहायची.

"जेवलीस?"

"जेवले."

"थंडी हाय?"

"हाय."

"स्वेटर घालतेस ना?"

"घालते. तू कधी येशील?"

"शिमग्याला येन गो."

झाले. मागची मुलगी खांद्याला हात लावायची. मी मुठीतून ऐकत होते. मला तोंड असते तर वेण्या अजून तशाच आहेत, एवढे एक वाक्य मी बोलले असते.

वेण्या हळूहळू वेण्या राहिल्या नाहीत. पेड एकमेकांत मिसळले, वर कापसासारखा गुंता चढला. मग उवा झाल्या. दिपिका खाजवायची, नखे लागायची, कातडी सोलायची. संक्रांतीच्या सुमाराला डोक्यात गळवे धरली. मुली तिच्याजवळ झोपेनात. ती मला उशाखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिने दिनदर्शिकेवरची शिमग्याची तारीख पाठ केली होती. तिला एकच हवे होते, की तोपर्यंत कुणी कात्री आणू नये.

एका सोमवारी तिला ताप भरला. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. त्यांनी केस बाजूला करायचा प्रयत्न केला तर दिपिका कळवळली. त्या म्हणाल्या, आत पू आहे, केस काढल्याशिवाय औषध पोहोचणार नाही. बाईंनी तेव्हाच भट्टीवर फोन लावला. मुकादमाने भिमीला बोलावून आणले. सगळे ऐकायला तिला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "पाच वेण्या? अजून?"

ती मुकादमाकडे एका दिवसाची सुट्टी मागते आहे, हे पलीकडून ऐकू आले, मग पुन्हा तिचा आवाज जवळ आला.

"बाई, कात्री लावू नका. मी येते. मीच सोडते."

बाईंनी शब्द दिला. दिपिकाच्या कानाशी त्यांनी सांगितले की उद्या आई येणार. त्या दिवशी पहिल्यांदा तिने पेज प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिपिका व्हरांड्यात गोधडी घेऊन बसली होती. तिथून फाटक दिसते. मी तिच्या मांडीवर. दहा वाजले, बारा वाजले. भिमी पहाटेच निघाली होती, पण भट्टीपासून हमरस्त्यापर्यंत गाडी नाही, ती चालत आली. कल्याणहून शहापूर, शहापूरहून किन्हवली, आणि पुढची बस भरून गेलेली. हे आम्हांला नंतर कळले. दुपारी ताप वाढला. दिपिका बडबडू लागली. नर्सबाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या की आता थांबले तर विष अंगात जाईल. बाई दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या.

तीन वाजता त्यांनी कात्री घेतली. पहिल्या वेणीपाशी नेऊन त्यांनी ती नर्सबाईंच्या हातात दिली. प्रेमामावशींनी दिपिकाचे डोके धरले. दिपिका ओरडली नाही. ती फक्त म्हणत होती, "बस येल. आता बस येल." पाच वेण्या एकेक करून फरशीवर पडल्या. लाल चिंध्या तशाच होत्या. बाई म्हणाल्या, हे बाहेर नेऊन जाळा. प्रेमामावशींनी त्या पदरात घेतल्या आणि तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या.

साडेपाचला भिमी आली.

फाटकातून ती धावत आली ती व्हरांड्याच्या पायरीशी थांबली. दिपिकाच्या डोक्याला पांढरी पट्टी होती. दिपिकाने डोक्यावर दोन्ही हात ठेवले, जणू काही चोरीच केली होती. म्हणाली, "मी नाय सोडल्या आये. त्यांनी कापल्या."

भिमीच्या अंगावर भट्टीची लाल धूळ होती. ती पायरीवर बसली आणि लेकीचे डोके मांडीवर घेतले. तिने कुणाला दोष दिला नाही. बाई काहीतरी सांगायला पुढे आल्या, तर तिने त्यांच्यापुढे हात जोडले. बाई आत निघून गेल्या.

प्रेमामावशींनी तो डबा आणून भिमीसमोर ठेवला.

भिमीने पहिली वेणी हातात घेतली. तिने दिपिकाकडून मला मागून घेतले. चिंधीची गाठ नखाने सोडवली आणि टोकापासून, माझ्या जाड दातांनी, ती गुंता काढू लागली. मित्रांनो, माझ्या उभ्या जन्मात एवढे कठीण काम मी केले नव्हते. केस दगडासारखे झाले होते. दुसऱ्या वेणीला माझा एक दात गेला. चौथीला दुसरा गेला. मला दुखले असे नाही म्हणणार मी. त्या व्हरांड्यात माझ्या दुखण्याला जागा नव्हती.

वरचा गुंता निघाला आणि आतले केस मोकळे झाले. दिपिका मांडीवरून बघत होती.

"आली का गो लाट?"

"आली."

"रुसली नाय?"

"नाय रुसली. हात लावून बघ."

दिपिकाने हात लावला. भिमीच्या मांडीवर ते केस पडले होते, वळणावर वळण, तिच्या लग्नातल्या केसांपेक्षाही दाट लाट. फक्त खाली डोके नव्हते. तेव्हा भिमी रडली. आवाज न करता, खाली बघून, माझ्या दातांवर.

तिने दिपिकाला सांगितले की तो नियम मुलींना गप्प बसवायचा होता, खरा नव्हता. हे तिलाही कुणी सांगितले नव्हते, मांडीवरच्या त्या केसांकडे बघताना तिचे तिलाच उमगले होते. दिपिका ऐकत होती. तिला ते किती कळले, मला माहीत नाही.

भिमीला सकाळच्या पहिल्या बसने परत जायचे होते. भट्टीवर एका दिवसाचीच सुट्टी. दिवे लागले तेव्हा दिपिकाचा ताप उतरला होता. ती उठून बसली आणि म्हणाली, आता तू बस. तिने आईचा अंबाडा सोडला, हात पाण्यात बुडवून केस ओले केले आणि मोडक्या दातांच्या मला घेऊन पाच वेण्या घातल्या. वाकड्या, एक जाड एक बारीक. त्याच लाल चिंध्या बांधल्या. मग मला आईच्या पिशवीत, कापलेल्या केसांशेजारी टाकले.

"फणी तू ने. मला आता काय कामाची."

भिमी म्हणाली, केस येतील की.

"येतील तवा आण. आणि आये, वेण्या उद्याच सोड. तिकडं कुणाकडून पण सोडून घे. माझी वाट नको बघू."

दहा वर्षांच्या पोरीने हे सांगितले, मित्रांनो.

भिमीने वेण्या दुसऱ्या दिवशी सोडल्या नाहीत. डोक्यावर पदर घट्ट ओढून ती विटा वाहत राहिली. तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या खोपीत मुरबाडकडची रंजिता राहायची. तिने पदराखालचे उंचवटे पाहिले आणि काय आहे ते काढून घेतले. चौथ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ती न विचारता भिमीच्या मागे बसली.

"पोरीनं सांगितलंय ना सोड म्हणून?"

भिमीने मान डोलावली. रंजिताने चिंध्या सोडल्या आणि मला केसांतून फिरवले. "लेकीचा हात आहे बाय," ती म्हणाली, "बघ कशी उतरली." दुसऱ्याच बाईच्या हाताने सोडलेली ती लाट भिमीच्या पाठीवर पडली आणि जराही रुसली नाही. संध्याकाळपर्यंत तिच्यावर विटांची धूळ बसली. रंजिताशिवाय ती कुणी पाहिली नाही.

आता दिपिका नववीत आहे. केस पुन्हा कमरेपर्यंत आले आहेत. तिच्याकडे निळी प्लॅस्टिकची फणी आहे. शिमग्याला ती घरी येते तेव्हा मैत्रिणींच्या गोष्टी सांगते. विस्तवाचे यंत्र न लावता केस कुरळे करायचे म्हणून मुली बाईंच्या फोनवर चित्रफिती बघतात, आणि त्यात हीच आमची रीत नवीन म्हणून दाखवतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी दिपिका सगळ्यांच्या पाच पाच वेण्या घालते आणि सांगते, सकाळी जी आधी उठेल तिनं बाकीच्यांच्या सोडा. स्वतःच्या केसांना मात्र ती लाट घालत नाही. भिमी दर शिमग्याला एकदा विचारते. दिपिका म्हणते, राहू दे आये. मग भिमी मला परत कुडात खोचते. माझ्यावर धूर बसला आहे, कोळ्याने जाळे विणले आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. भिमी विचारते आणि दिपिका राहू दे म्हणते, त्या मधल्या क्षणाचे वाटते.

मित्रांनो, मी लाकडाची वस्तू. मी तुमच्याकडे काय मागणार? तुमच्या घरात एखादी जुनी फणी असेल तर तिला अधूनमधून तेलाचे बोट लावा. कुणी तुमचे केस विंचरत असेल तर लवकर कर म्हणू नका, थोडा वेळ बसा. लहानांना नियम सांगाल तेव्हा त्याचे कारणही सांगा. आणि वेणी बांधून कुणाला पहाटेच जावे लागले, तर जो जवळ असेल त्याला ती सोडू द्या. सोडणारा हात कुणाचाही असो, लाट बांधणाऱ्याचीच असते.

हे मी उगीच सांगत नाही. डोक्यावरची लाट एका दिवसात जाते. पण माझ्या शेजारी, कुडाच्या याच फटीत, भिमीने लाल चिंधीत बांधून एक बोचके खोचले आहे. चार पावसाळे झाले. दमट हवेने चिंधीचा रंग उडाला. आतली लाट तशीच आहे.